उंबऱ्याबाहेरची ऊब

घराच्या बाहेरच्या पायऱ्या मुद्दाम तापविण्याची सोय जगांत कोठें तरी करितात, असें सोलापुरांत कोणास सांगितलें तर तो प्रथम हंसेल. वैशाखांतल्या दुपारीं आमच्या शहाबादी पायरीवर अनवाणी पाऊल टाकणाऱ्यास पायऱ्या थंड कशा कराव्या ही विवंचना असते. त्या तापविण्याचें काम सूर्यनारायण न सांगतां करीत असतो. आम्हीही प्रथम हंसलों होतों. परंतु गेल्या तीन वर्षांत आमच्या कुटुंबांत जें घडलें, त्यामुळें हा विषय हंसण्याचा नाहीं, हें आम्हांस पटलें. आज आपल्या बहुतेक घरांतील एक तरी मुलगा, मुलगी किंवा सून थंड देशांत संसार करीत आहे आणि वर्षा-दोन वर्षांनीं वडीलधारीं माणसें त्यांच्याकडे जाऊन राहत आहेत. त्या सर्वांच्या उपयोगाची म्हणून ही हकीकत येथें देत आहों.

आमचे ज्येष्ठ बंधू, ज्यांस घरांत सर्वजण दादा म्हणतात, व आमच्या वहिनी तीन वर्षांपूर्वीं आपल्या मुलाकडे अमेरिकेंत गेलीं होतीं. तो मिनेसोटा संस्थानांतील मिनियापोलिस शहरीं राहतो. तेथें जानेवारींत रात्रीं पारा शून्याच्या खालीं दहा-पंधरा अंश उतरणें ही नित्याची गोष्ट आहे. वहिनींचा पन्नास वर्षांचा नेम असा कीं, पहाटे उठावें, दारापुढची जागा झाडून सडा घालावा आणि मग रांगोळी काढावी. परदेशीं जाऊनही हात स्वस्थ बसत नाहींत. एके सकाळीं घरच्या दाराबाहेरच्या चार पायऱ्या बुटांच्या चिखलानें व मिठाच्या खड्यांनीं माखलेल्या त्यांना दिसल्या. मुलगा व सून कामावर गेलीं होतीं. वहिनींनीं मोठें पातेलेंभर पाणी कढत केलें, पायऱ्यांवर ओतलें, खराट्यानें लोटलें आणि समाधानानें आंत आल्या. पंधरा मिनिटांनीं दादा नातीला शाळेच्या मोटारीपर्यंत पोंचविण्यास निघाले. पायऱ्या त्यांना नुसत्या ओल्या दिसल्या. दुसऱ्याच पायरीवर पाय सटकला आणि खुब्याचें हाड मोडलें.

शस्त्रक्रिया झाली, दैवानें दादा उठले, फिरूं लागले. आतां काठी घेऊन चालतात. परंतु त्या दिवसापासून वहिनींनीं दारांत रांगोळी काढलेली नाहीं. कोणी कांहीं बोललें नाहीं, दादा तर मुळींच नाहीं. पण घरांत जें कोणी बोलत नाहीं, तेंच अधिक ऐकूं येतें.

यंदा पुतण्याच्या घरीं दुसरें अपत्य झालें. मार्गशीर्षांत बारसें करावयाचें, तुम्हीं दोघांनीं आलेंच पाहिजे, असा त्याचा आग्रह सुरू झाला. आपण दारच्या जुन्या पायऱ्या काढून नव्या बांधल्या असून त्यांच्या पोटांत विजेच्या तारा घातल्या आहेत, त्यामुळें त्यांवर बर्फ ठरत नाहीं, असेंही त्यानें कळविलें. हें ऐकून दादांनीं साफ नकार दिला. ‘एका म्हाताऱ्याच्या पायांसाठीं उघड्या अंगणांत वीज जाळायची! हा पैसा त्यानें लेकरांसाठीं ठेवावा.’ वहिनी एवढेंच म्हणाल्या, ‘भावजी, मला त्या पायऱ्यांकडे बघवणार नाहीं.’ म्हणून आम्हीं प्रथम ही काय वस्तु आहे, हें नीट समजून घेण्याचें ठरविलें.

आमचे एक जुने विद्यार्थी चिंचोळी एमआयडीसींतील एका रासायनिक कारखान्यांत अभियंता आहेत. सोलापुराहून पुण्याच्या रस्त्यानें मोहोळच्या बाजूस निघालें म्हणजे ही औद्योगिक वसाहत लागते. आम्ही दादा-वहिनींना बरोबर घेऊन एका रविवारीं त्यांच्याकडे गेलों. बर्फाचें नांव न जाणणाऱ्या या माळावर बर्फावरचा उपाय पाहावयास मिळेल, अशी आमची मुळींच कल्पना नव्हती. त्यांनीं आम्हांस फाटकाजवळच्या कचेरींत बसविलें आणि खिडकींतून समोरच्या नळाकडे बोट दाखविलें. जाड नळाला लागून एक बारीक तांब्याची नळी गेलेली, दोहोंवर लोकरीसारखें वेष्टण व त्याच्यावर चकचकीत पत्रा. ते म्हणाले, ‘सर, कित्येक रसायनें थंडीनें नळांतच गोठतात. फिनॉल ४१ अंशांच्या खालीं घट्ट होतें. अर्धा भाग पाणी व अर्धा भाग कॉस्टिक असें द्रावण बारा अंशांच्या आसपास गोठूं लागतें. नळ एकदां तुंबला कीं सगळें काम बंद. म्हणून बारीक नळींतून वाफ खेळवून किंवा विजेची गरम होणारी तार गुंडाळून आम्ही तो नळ ऊबदार ठेवतों. तुमच्या पुतण्यानें हेंच पायरीच्या पोटांत केलें आहे.’

दादांनीं विचारलें, ‘पण कारखान्याला त्यापासून पैसा मिळतो. पायरीपासून काय मिळतें?’ आमचे विद्यार्थी क्षणभर थांबले व त्यांच्या काठीकडे पाहून म्हणाले, ‘दादा, नळ तुंबला तर आम्हांला तो उघडून साफ करतां येतो.’ यावर दादा कांहीं बोलले नाहींत.

आतां ही योजना कशी असते तें सांगतों. पायरी बांधतांना खालीं उष्णता जमिनींत मुरूं न देणारा थर घालतात. त्यावर लोखंडी जाळी, जाळीला बांधलेली विजेची खास तार आणि वर काँक्रीट. तार नागमोडी, सुमारें तीन-तीन इंचांवर, आणि वरच्या पृष्ठापासून दोनएक इंच खोल ठेवितात. दुसऱ्या प्रकारांत तारेऐवजीं प्लॅस्टिकच्या बळकट नळ्या असतात आणि बॉयलरवर तापविलेलें पाणी पंपानें त्यांतून फिरवितात. तें स्वतःच गोठूं नये म्हणून त्यांत ग्लायकोल मिसळतात. मोठ्या अंगणास नळ्यांचा प्रकार परवडतो. चार पायऱ्यांस तारेचा सोयीचा. जुन्या पायऱ्या फोडावयाच्या नसतील, तर वर अंथरण्याच्या रबरी चटया मिळतात, त्यांच्या पोटांतही अशीच तार असते. भाड्याच्या घरास त्याच बऱ्या.

या सर्वांचें मर्म मात्र एका लहानशा यंत्रांत आहे. पायरीशेजारीं एक संवेदक बसवितात. हवा गोठणबिंदूच्या जवळ आली आहे आणि पृष्ठभाग ओला आहे, या दोन्ही गोष्टी एकदम जुळल्या तरच तो वीज चालू करितो. कोरड्या थंडींत पायऱ्या थंडच राहतात आणि पावसाळी पण उबदार दिवशींही. दादा समजत होते तशी ती रात्रंदिवस वीज जाळणारी शेगडी नव्हे.

खर्चाचा हिशेब आम्हीं शाळेंतल्याप्रमाणें मांडून दाखविला. एक ग्रॅम पाणी एक अंशानें तापविण्यास एक कॅलरी लागते. परंतु शून्य अंशावरील एक ग्रॅम बर्फाचें शून्य अंशावरीलच पाणी करण्यास ८० कॅलरी लागतात. म्हणूनच बर्फ इतका चिवट असतो. विजेच्या भाषेंत बोलावयाचें तर एक युनिट वीज पूर्णपणें उपयोगीं पडली, तर पावणेअकरा किलो बर्फ वितळतो. पुतण्याच्या चार पायऱ्या व दारापुढचा ओटा मिळून चाळीस चौरस फूट भरतात. ताज्या हिमाचा एक सेंटिमीटर थर एक चौरस मीटरवर पसरला, तर त्याचें वजन साधारण एक किलो होतें. रात्रींत चार बोटें, म्हणजे सातआठ सेंटिमीटर हिम पडलें, तर त्या चाळीस फुटांवर अठ्ठावीस-तीस किलो भार झाला. तो वितळण्यास सुमारें पावणेतीन युनिट लागतील. वाऱ्यानें उडून जाणारी आणि काँक्रीट तापविण्यांत जाणारी उष्णता धरून ही संख्या दुप्पट-तिप्पट करावी. म्हणजे एका हिमवृष्टीस सहा ते आठ युनिट. तारांची शक्ति चौरस फुटास पन्नास वॅट धरल्यास एकंदर दोन हजार वॅट होते. आपल्या न्हाणीघरांतील पाणी तापविण्याचा गीझर तेवढाच असतो. ‘म्हणजे माझ्या पायांसाठीं एक गीझर,’ दादा म्हणाले, आणि प्रथमच थोडे हंसले.

मात्र हा हिशेब पायऱ्यांपुरताच आहे, हें वाचकांनीं विसरूं नये. मोटार उभी करण्याचा सहाशे चौरस फुटांचा रस्ता याच रीतीनें तापवूं गेल्यास तीस हजार वॅट लागतील. सपाट रस्त्यावरील हिम फावड्यानें ओढतां येतें. पायरीच्या कडेवर मात्र पातळ बर्फ चिकटून राहतो आणि पाऊलही नेमकें कडेवरच पडतें. म्हणून ऊब जेथें पाऊल उतरतें तेवढ्याच जागीं द्यावी. काटकसर व सुरक्षितता या दोहोंचें येथें भांडण नाहीं.

जमिनीखालून ऊब देण्याची युक्ति कांहीं आजची नव्हे. प्राचीन रोमन लोक स्नानगृहांची जमीन ठेंगण्या खांबांवर उचलून तिच्याखालून भट्टींतली गरम हवा खेळवीत. कोरियांतील जुन्या घरांतून चुलीचा धूर दगडी जमिनीखालून नेऊन मग बाहेर सोडीत. रस्त्यासाठीं हीच गोष्ट अमेरिकेच्या ऑरेगॉन संस्थानांत क्लॅमथ फॉल्स येथें १९४८ सालीं झाली. तेथें महामार्गाच्या एका चढणीखालीं नळ्या पुरून भूगर्भांतील उष्णता वापरण्यांत आली. आइसलँडची राजधानी रेक्याविक येथें जमिनींतून निघणाऱ्या ऊन पाण्यानें घरें तापवितात आणि घरांतून परत येणारें कोमट पाणी पादचाऱ्यांच्या वाटांखालून फिरवितात. मिशिगन संस्थानांतील हॉलंड या गांवीं १९८८ पासून वीजघराची वायां जाणारी उष्णता बाजारपेठेच्या रस्त्यांखालीं नेली आहे. हें सांगत असतां आमच्या विद्यार्थ्यांनीं समोरच्या शीतक मनोऱ्याकडे हात केला. तो यंत्रांतील उष्णता दिवसभर चिंचोळीच्या आकाशांत सोडीत होता. ‘येथें आम्ही उष्णता टाकून देण्यासाठीं खर्च करितों, सर. तिकडे तिच्यावर माणसें चालतात.’ ज्या देशास जें जड, तें दुसऱ्या देशास हवेंसें, याचें याहून सोपें उदाहरण आम्हांस सांपडलें नाहीं.

परतीच्या वाटेवर वहिनींनीं जो प्रश्न तीन वर्षें मनांत ठेविला होता तो विचारला : ‘भावजी, मी तर कढत पाणी ओतलें होतें. मग त्याचा बर्फ झाला कसा?’

उत्तर असें आहे. उणे बारा अंशांवर रात्रभर पडलेला दगड म्हणजे थंडीचें कोठार. त्यावर पसरलेला पाण्याचा थर तांदुळाच्या दाण्याइतका जाड. एवढ्याशा पाण्याची ऊब दगड व वारा मिळून कांहीं मिनिटांत पिऊन टाकितात आणि पाणी जागच्या जागीं गोठतें. आधींचें हिम खरखरीत होतें, त्यावर मीठही होतें. पाण्यानें तें धुऊन गेलें आणि कांचेसारखा गुळगुळीत, पारदर्शक बर्फ राहिला. खालची पायरी जशीच्या तशी दिसत असल्यामुळें तो ओळखूं येत नाहीं. हेंच पाणी सोलापुरांत उन्हाळ्यांतल्या पायरीवर शिंपडलें तर काय होतें? त्याची वाफ होते, आणि वाफ होतांना पाणी ग्रॅमामागें साडेपांचशेंच्या घरांत कॅलरी पायरींतून ओढून नेतें. म्हणून पायरी निवते. कृति एक, हेतु एक. एका देशीं ती येणाऱ्याच्या पायांस सुख देते, दुसऱ्या देशीं तीच घात करते. आम्हीं वहिनींना सांगितलें, ‘तुमचा हात चुकला नाहीं, देश बदलला होता. आपल्या शास्त्रकारांनीं प्रत्येक संकल्पांत देशाचा व कालाचा उच्चार करावयास लाविलें, तें उगीच नव्हे.’

आणि आमच्या मतें या सर्व विषयाचें तात्पर्य तेंच आहे. दारीं येणाऱ्याचें पाऊल सुखानें पडावें, ही जबाबदारी गृहस्थाची. सडा हें तिचें एक रूप, सोलापुराच्या धुळीला व उन्हाला शोभणारें. तापविलेली पायरी हें तिचेंच दुसरें रूप. मिनियापोलिसच्या नगरपालिकेचा तर नियमच आहे कीं, हिमवर्षाव थांबल्यापासून चोवीस तासांच्या आंत घरमालकानें आपल्या घरापुढील पादचारी वाट साफ केली पाहिजे. म्हणजे जो धर्म आपण अंगणापुरता पाळतों, तो तेथें कायद्यानें रस्त्यापर्यंत नेला आहे. आपलीं मुलें तेथें पायऱ्या तापवितात तेव्हां तीं चैन करीत नसून आपल्या आईचा सडाच त्या देशाच्या भाषेंत घालीत असतात, असें वडिलांनीं समजावें.

जे अशी सोय करूं इच्छितात, त्यांस पुतण्याच्या व आमच्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावरून कांहीं गोष्टी कळवितों. काम हिवाळ्याच्या बरेंच आधीं काढावें. काँक्रीट पुरतें पक्कें होण्यास अठ्ठावीस दिवस द्यावे लागतात व तोंवर वीज सोडूं नये. काँक्रीट ओतण्यापूर्वीं व ओतल्यावर तारेची तपासणी करून घ्यावी, कारण एकदां पुरलेली तार तुटल्यास शोधणें फार कष्टाचें. पाण्यांत वीज असल्यामुळें गळती होतांच प्रवाह तोडणारें साधन अवश्य असावें आणि काम परवानाधारक कारागिराकडूनच करवावें. पायरीस बाहेरच्या अंगास फुटामागें पाव इंच उतार ठेवावा. सर्वांत विसरली जाणारी गोष्ट म्हणजे वितळलेल्या पाण्याची वाट. वरच्या चार पायऱ्या कोरड्या झाल्या आणि तें पाणी खालीं सांचून तेथें गोठलें, तर अपघात फक्त चार पायऱ्या खालीं सरकला इतकेंच. म्हणून शेवटच्या पायरीपुढील हात-दीड हात जागाही तापविलेली असावी व पाणी बाजूस निघून जावें.

ज्यांस हा खर्च झेपत नाहीं, त्यांनींही निश्चिंत राहूं नये. दोन्ही बाजूंस भक्कम कठडा असावा. साधें मीठ शून्याखालीं आठ-नऊ अंशांपर्यंत नीट काम करितें. त्याहून अधिक थंडींत कॅल्शियम क्लोराइड चांगलें. मात्र दोन्हींनीं काँक्रीट व त्यांतील लोखंड हळूहळू खराब होतें. अतिथंडींत वाळू पसरावी. ती बर्फ वितळवीत नाहीं, परंतु पाय धरून ठेवते. पायऱ्या तापणाऱ्या असल्या तरी मिठाची व वाळूची एक बादली दाराशीं असूं द्यावी, कारण वादळांत वीज जाते आणि बर्फ तेव्हांच अधिक पडतो.

वडीलधाऱ्यांस आमची विनंती वेगळी आहे. तिकीट काढण्यापूर्वीं मुलास हवामान विचारतां, तसेंच ‘दाराला पायऱ्या किती? कठडा आहे काय?’ हेंही विचारा. जी पायरी ओली दिसेल ती बर्फाची आहे असें समजूनच पाऊल टाका. दिवसा छपरावरून ठिबकलेलें पाणी रात्रीं गोठतें, म्हणून सकाळची पहिली फेरी सर्वांत धोक्याची. खिशांत हात घालून चालूं नये. पावलें लहान टाकावीं, सबंध तळवा टेकवावा, एक हात कठड्यावर ठेवावा. आणि तरुणांनीं हात पुढें केला तर तो धरण्यांत कमीपणा मानूं नये. दादांस ही शेवटची सूचना सर्वांत जड गेली.

दादा-वहिनींचीं तिकिटें निघालीं आहेत. दादांची अट एकच होती कीं, विजेचें बिल त्यांना दाखवावें. पुतण्यानें ती मान्य केली आहे. परवां वहिनी सामान भरतांना आम्हांस म्हणाल्या, ‘भावजी, त्या पायऱ्यांवर रांगोळी राहील का हो?’ आम्हीं सांगितलें कीं, पायरी ओली होऊन वाळते, तेव्हां रांगोळी टिकणार नाहीं. पण दाराच्या आंत, उंबऱ्याच्या अलीकडे काढावयास कोणाची हरकत आहे? त्यांनीं रांगोळीचा डबा पेटींत ठेविला.

आज सकाळीं आमच्या दारांतही पुष्कळ दिवसांनीं त्यांच्या हातची रांगोळी दिसली.